सुमनअक्कांचं काळ्या पडद्याचं मशीन

आमच्या कचेरीतल्या निवृत्त लोकांनी स्मरणिका काढायचं ठरवलं, तेव्हा सुमन अहिरे यांच्यावर मी लिहावं असा निरोप मला आला. बावीस वर्षं त्या माझ्या हाताखाली टंकलेखक होत्या आणि निवृत्तीनंतर धुळ्याला देवपुरात आमची घरं एकाच गल्लीत होती. माझ्याइतकं त्यांना दुसरं कोण ओळखणार, असं लोकांना वाटणं साहजिक होतं. मी डोळ्यांचं कारण सांगितलं. पुढच्या वर्षी पुन्हा विचारलं, तेव्हा मोतीबिंदूचं ऑपरेशन व्हायचंय म्हणालो. माझे डोळे ठीक होते, आजही आहेत. लिहायला बसलो तर मी काय केलं तेही लिहावं लागेल, म्हणून टाळत आलो. आता वय ऐंशीला टेकलंय. अक्कांचा मुलगा मिलिंद पुण्याला असतो. त्यालाही खरं काय घडलं ते ठाऊक नाही. हे छापून आलं की तो वाचेल, म्हणूनच लिहितो आहे.

कचेरीत आम्ही त्यांना अहिरेबाई म्हणत असू. गल्लीत त्या सगळ्यांच्या अक्का झाल्या, आणि हळूहळू माझ्याही. त्या मला आधी साहेब म्हणत, नंतर नाना म्हणू लागल्या. पण टोमणा मारायचा असला की हटकून साहेब. ठेंगणी, ताठ बसणारी बाई. पाठ टेकायची खुर्ची त्यांना चालत नसे. टायपिंगला स्टूलच हवं. दर सोमवारी सकाळी नखं कापलेली असत. गाव दोंडाईच्याजवळचं. कचेरीत बोलणं शुद्ध, पण राग आला किंवा फार आनंद झाला की तोंडात अहिराणी येई. मी घाईघाईत मजकूर सांगू लागलो की त्या बोटं थांबवून म्हणत, "साहेब, श्वास घ्या. मशीनला घाई नाही, तुम्हालाच आहे."

कचेरीत पहिले कॉम्प्युटर आले तेव्हा आम्ही सगळे माऊस हातात धरून खूश होतो. चित्रावर बाण न्यायचा, दाबायचं, झालं. अहिरेबाईंनी दोन दिवस तो माऊस वापरला आणि तिसऱ्या दिवशी ड्रॉवरमध्ये ठेवून दिला. साहेब म्हणून मी कारण विचारलं.

"माझी दहा बोटं शिकलेली आहेत," त्या म्हणाल्या. "याला एकच बोट लागतं. मग उरलेल्या नवांनी काय करायचं?"

निवृत्त झाल्यावर त्यांनी एका कॉलेजच्या प्रयोगशाळेतून काढून टाकलेला जुना कॉम्प्युटर घरी आणला. तिथल्या सहायकानं त्यात विंडोजऐवजी लिनक्स घालून दिलं होतं. त्या जुन्या मशीनला नवं विंडोज पेलणार नाही, म्हणाला. मी त्याच महिन्यात नवाकोरा विंडोजचा लॅपटॉप घेतला होता आणि तो दाखवायला मोठ्या ऐटीत त्यांच्याकडे गेलो होतो. भिंतीवर बुद्धाची तसबीर, खाली टेबल, टेबलावर त्यांचं मशीन. पडदा पार काळा, त्यावर पांढरी अक्षरं भराभर वर सरकत होती. मी दारातच थबकलो.

"अक्का, व्हायरस शिरलाय. बंद करा लवकर."

त्या इतक्या हसल्या की चष्मा काढून पुसावा लागला. "व्हायरस नाही नाना, मी शिरलेय आत. बसा."

त्यांच्याकडे दोनशे पानी वही होती. तिच्यात मशीनला द्यायचे हुकूम लिहिलेले. डाव्या बाजूला इंग्रजीतला तीन-चार अक्षरी शब्द आणि उजव्या बाजूला त्याचा अर्थ मराठीत, कचेरीच्या भाषेत: ही फाईल तिकडे पाठवणे, ही यादी तपासणे, हे नाव आढळल्यास कळवणे. बासष्टाव्या वर्षी ही बाई एका यंत्राला हाताखालच्या कारकुनासारखं वागवायला शिकली होती. माझा लॅपटॉप त्यांनी कौतुकानं पाहिला, चित्रं मोजली आणि म्हणाल्या, "छान आहे. हॉटेलासारखं. मेनूकार्डात असेल ते मागायचं."

"आणि तुमचं?"

"माझं म्हणजे घरचा स्वयंपाक. कष्ट आहेत. पण पाहिजे ते शिजतं."

इथून आमचा वाद सुरू झाला तो सहा-सात वर्षं चालला. मी म्हणे, घरच्या कॉम्प्युटरला ताकद कशाला हवी? घरातल्या कोणालाही चालवता यावा, एवढं पुरे. त्या म्हणत, सोपं असावं हे खरं, पण सोपं "कोनले", कोणाला? मला माऊसनं चित्र शोधायला जितका वेळ लागतो तितक्यात माझं काम होऊन जातं. मग माझ्यासाठी अवघड काय आणि सोपं काय?

एकदा त्यांनी मला चारचौघांत नव्हे, पण मनातल्या मनात पार गप्प केलं. मी निवृत्त कर्मचारी मंडळाचा चिटणीस होतो. तीनशेच्या वर सभासदांची पत्रं माझ्या लॅपटॉपात, प्रत्येकाची वेगळी फाईल. मंडळाचं कार्यालय दुसऱ्या जागी गेलं आणि प्रत्येक पत्रातला पत्ता बदलायची वेळ आली. मी चार दिवस बसून एकेक फाईल उघडली, पत्ता बदलला, बंद केली. साठ झाल्या. मान धरली. पाचव्या दिवशी पेन ड्राइव्ह घेऊन अक्कांकडे गेलो. म्हटलं, अर्ध्या तुम्ही करा.

त्यांनी चहा गॅसवर ठेवला, स्टुलावर बसल्या, एक लांब ओळ टाईप केली, दोनदा वाचली आणि एंटर दाबलं. चहाला उकळी यायच्या आत पेन ड्राइव्ह परत माझ्या हातात.

"राहू द्या, सावकाश करा," मी म्हणालो.

"झालं."

"किती झालं?"

"बठ्ठं. सगळं."

मी घरी जाऊन तीन तास फाईली उघडून बघत होतो, कुठं तरी चूक सापडेल म्हणून. एकही सापडली नाही. मला आनंद व्हायला हवा होता. पण माझे चार दिवस, माझी दुखरी मान आणि कचेरीतली माझी बावीस वर्षांची साहेबकी त्या एका ओळीनं पुसून टाकली असं वाटलं. मंडळाच्या सभेत या कामाबद्दल चिटणीसांच्या अभिनंदनाचा ठराव झाला. गळ्यात हार पडला, मी उठून नमस्कार केला. अक्कांचं नाव घेतलं नाही. त्या दुसऱ्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होत्या. दुसऱ्या दिवशी फाटकापाशी भेटल्या, तेव्हा एवढंच म्हणाल्या, "साहेब, काल मान जास्त दुखली नाही ना? हार जड होता."

असं नाही की त्यांचं मशीन नेहमी जिंकायचं. मिलिंदनं त्यांना प्रिंटर पाठवला, तो माझ्या लॅपटॉपला जोडल्यावर पाच मिनिटांत चालू झाला. अक्कांच्या मशीनला त्याची ओळख पटायला नऊ दिवस लागले. नऊ दिवस त्या वहीत काहीतरी लिहीत, कॉलेजातल्या त्या सहायकाला फोन करत, पुन्हा बसत. दहाव्या दिवशी पहिलं पान निघालं ते मला दाखवायला आल्या. मी म्हणालो, "एवढ्या वेळात हातानं लिहून झालं असतं."

"झालं असतं," त्या म्हणाल्या. "पण आता कळलं की तो का बोलत नव्हता. तुमचा बोलतो, पण का बोलतो ते तुम्हाला माहीत आहे का?"

आणि एक मोठं नुकसान. गल्लीतल्या बायकांचे अर्ज, कुणाचा निराधार योजनेचा, कुणाचा जातपडताळणीचा, त्या घरी करून देत. असे तीन वर्षांचे अर्ज त्यांच्या एका हुकमानं क्षणात नाहीसे झाले. एका जागी चुकून एक मोकळी जागा पडली होती. मशीननं काही विचारलं नाही, सांगितलं तसं केलं. मी ऐकताच धावत गेलो. त्या मात्र वहीत ती ओळ लाल शाईनं लिहीत होत्या.

"बघा," मी म्हणालो, "माझं मशीन तीनदा विचारतं. नक्की का? खरंच का? पुन्हा विचार करा."

"आणि तुम्ही वाचता, काय विचारतंय ते?"

मी विचार केला. "नाही. हो म्हणतो आणि पुढं जातो."

"मग तीनदा विचारून उपयोग काय?" त्या म्हणाल्या. "चूक मनी शे. मशीनची नाही."

त्या दिवसापासून भिंतीवर त्यांच्या सुबक अक्षरातला एक कागद लागला: एंटर दाबण्याआधी पाणी प्यावे. आणि त्या खरोखर पीत. तांब्या टेबलावरच असे. गेलेले अर्ज त्यांनी दोन महिन्यांत, एकेका बाईला बोलावून, पुन्हा लिहून काढले.

या वादात मी एकदाच जिंकलो. त्या जिंकण्यातूनच पुढचं सगळं झालं, म्हणून नीट सांगतो. मिलिंद दिवाळीला आला होता. आईच्या मशीनमधून विजेचं बिल काढायला बसला आणि अर्ध्या तासानं हात टेकून उठला. तो स्वतः कंपनीत कॉम्प्युटरवर काम करणारा. पण आईनं ते मशीन स्वतःच्या हाताच्या मापानं असं काही बेतलं होतं की दुसऱ्याला धड आत जाता येईना. तो गेल्यावर मी अक्कांना म्हणालो, "उद्या तुम्ही आजारी पडलात, तर पोराला बिलसुद्धा काढता यायचं नाही. ज्या घराचं दार एकाच माणसाला उघडतं, ते घर म्हणायचं का? ही ताकद कोणाच्या कामाची, अक्का?"

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि मशीनकडे बघत राहिल्या. मी खूश होऊन घरी आलो. त्या रात्री मला छान झोप लागली, हेही सांगून टाकतो.

पुढचे दोन महिने अक्का गल्लीत फारशा दिसल्या नाहीत. मग एका सकाळी आल्या आणि एक पेन ड्राइव्ह माझ्या हातावर ठेवला.

"नाना, यात एक फाईल आहे. वाचा, आणि कुठं अडतं ते सांगा. तुम्हाला अडलं नाही तर कोणालाच अडणार नाही."

"म्हणजे मी सगळ्यात ढ."

"साहेब, मी असं कुठं म्हणाले?" त्या गालात हसल्या. "तुम्हाला नवं टायपिंग वाचायला त्रास होतो ना, म्हणून कचेरीच्या जुन्या फॉन्टमध्ये करून दिलंय. तुमच्याकडे आहे ना तो?"

"आहे की," मी म्हणालो.

होता. ते बोलणं झालं तेव्हा खरोखर होता. पेन ड्राइव्ह मी पूजेच्या कपाटात ठेवला आणि विसरलो. दोन आठवड्यांनी माझा लॅपटॉप बंद पडला. दुकानदारानं नवा दिला, जुन्यातली पत्रं आणि फोटो त्यात भरून दिले आणि म्हणाला, "नाना, तुम्हाला काही करावं लागणार नाही, सगळं आपोआप." मी काही केलं नाही. जुना फॉन्ट त्या "सगळ्या"त आला नव्हता. असली गोष्ट वेगळी न्यावी लागते, हेच मला माहीत नव्हतं.

त्यानंतर दीडेक महिन्यानं अक्का न्हाणीघरात पडल्या. हाड मोडलं नाही, पण दवाखान्यात नेलं तेव्हा असंबद्ध बोलत होत्या. मला त्या "भोळेसाहेब" म्हणाल्या; भोळेसाहेब आमचे अधिकारी, वारून पंधरा वर्षं झालेली. डॉक्टरांनी रक्त तपासलं. म्हणाले, सोडियम फार उतरलंय, म्हातारपणी होतं असं, भरून आलं की ठीक होतील. तिसऱ्या दिवशी अक्का उठून बसल्या, मला नाना म्हणाल्या आणि दवाखान्याच्या भाजीत मीठ नाही म्हणून नर्सशी भांडल्या.

मिलिंद पुण्याहून आला होता. त्याला आईला घेऊन जायचं होतं, अक्कांना जायचं नव्हतं. "माझं घर आहे, माझी गल्ली आहे, माझं काम आहे," त्या म्हणत होत्या. डॉक्टरही म्हणत होते, राहू शकतात. मिलिंदला ठरवता येईना. त्यानं दवाखान्याच्या आवारातल्या चहाच्या टपरीवर मला विचारलं, "नाना, तुम्ही रोज बघता. खरं सांगा, आई याआधी ठीक होती?"

मला पेन ड्राइव्ह आठवला. वाटलं, हा पुरावा आहे. आजारपणाच्या दोन महिने आधी तिनं स्वतः लिहिलेलं आहे. वाचतो आणि मग सांगतो. घरी जाऊन नव्या लॅपटॉपला तो लावला आणि फाईल उघडली.

चार पानं. त्यांवर इंग्रजी अक्षरं, कंस, टिंबं, उलटसुलट चिन्हं, एकाला एक चिकटलेली. अर्थ लागेल असा एक शब्द नाही. म्हणजे होते, त्या कचऱ्यात मधूनमधून, इंग्रजी अक्षरांत, बिल, पत्र, फोटो, बंद. पुन्हा बिल. पुन्हा बंद. तापातल्या माणसानं बरळावं तसं. डोळ्यांसमोर अक्का येत होत्या, त्या काळ्या पडद्यापुढं तासन् तास ताठ बसलेल्या. मला वाटलं, इतके दिवस आपण ज्याला हुशारी समजत होतो ते हेच होतं.

कित्येक वर्षं मी कचेरीत जुन्या फॉन्टची पत्रं पाहिली होती. दुसऱ्या मशीनवर ती अशी दिसतात हे तिथल्या शिपायालाही ठाऊक होतं. मी विसरलो होतो, असं म्हणता येईल. पण अक्का दहा मिनिटांच्या अंतरावर खाटेवर बसल्या होत्या, शुद्धीवर होत्या. "हे काय आहे?" एवढं एक वाक्य विचारायचं होतं. मी विचारलं नाही. का नाही, याचं उत्तर मला नंतर सापडलं आणि ते चांगलं नाही: त्या बाईची बुद्धी चळली आहे हे पटायला माझ्या मनाला फार वेळ लागला नाही. तीनशे पत्रांचा पत्ता बदलणारी ती ओळ कुठं तरी सलत होती.

मी त्या पानांची छापील प्रत काढली आणि परत टपरीवर येऊन मिलिंदला दिली. "दोन महिन्यांपूर्वीचं आहे," मी म्हणालो. "आजाराच्या आधीचं."

त्यानं पानं उलटली. मोठा, बाप्या गडी, टपरीच्या बाकड्यावर बसून रडला. मग कागद घडी करून खिशात ठेवत म्हणाला, "आईला दाखवू नका नाना. तिला वाईट वाटेल."

म्हणून अक्कांना कधीच कळलं नाही.

मिलिंद त्यांना पुण्याला घेऊन गेला त्या दिवशी गाडी फाटकाशी उभी होती. मिलिंद सामान लावत होता. अक्का माझ्याजवळ आल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "नाना, तुम्ही सांगा ना त्याला. तुमचं ऐकतो. मी बरी आहे, हे तुम्हाला तरी दिसतंय ना?"

मी म्हणालो, "थोडे दिवस जाऊन या, अक्का. हवापालट होईल."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. आपल्या बाजूचा साक्षीदार उलटला की माणूस कसा बघेल, तसं. मग गाडीत बसल्या.

घर वर्षभरानं विकलं गेलं. मशीनचं काय करायचं ते मिलिंदनं माझ्यावर सोपवलं. मी ते एकदा सुरू करून पाहिलं. काळा पडदा आला, त्यावर एक रेघ लुकलुकत राहिली. काय लिहायचं ते कळेना. भंगारवाल्याला देऊन टाकलं. दोनशे पानी वहीही त्याच पोत्यात गेली.

त्यानंतर मी जळगावला मुलीकडे राहायला आलो. तिथं पेन्शनच्या कागदांसाठी फोटो काढून घ्यायचा होता. फोटो मोबाईलमध्ये होता, तो जावयानं माझ्या सामानातल्या एका पेन ड्राइव्हवर घालून दिला. लग्नपत्रिका छापणाऱ्या शफीभाईंच्या दुकानात गेलो. शफीभाई पन्नाशीचे, दिवसभर पत्रिकांची अक्षरं जुळवणारे. त्यांनी पेन ड्राइव्ह लावला आणि म्हणाले, "आबा, फोटोबरोबर हे एक पत्र पण छापायचंय का?"

मी पडद्याकडे पाहिलं. तीच चार पानं. तोच कचरा.

"ते सोडा," मी म्हणालो. "एका आजारी बाईनं केलेलं आहे. काही अर्थ नाही त्यात."

"आजारी कसली?" शफीभाई म्हणाले. "जुना फॉन्ट आहे हा. पत्रिकांना आम्ही अजून हाच वापरतो. थांबा."

त्यांनी मधले इंग्रजी शब्द सोडून बाकीचा मजकूर निवडला, वरच्या यादीतून एक नाव दाबलं. डोळ्याची पापणी लवायला लागते तेवढा वेळ. पडद्यावर मराठी उभी राहिली. स्वच्छ, ऱ्हस्वदीर्घासह निर्दोष, अहिरेबाईंची मराठी.

वर लिहिलं होतं: माझ्या गैरहजेरीत हे मशीन कसे चालवावे.

खाली क्रमांक. पडदा काळा दिसला म्हणजे मशीन बिघडले असे समजू नये. ते तुमच्या शब्दाची वाट पाहत आहे. मिलिंदला मराठी टायपिंग येत नाही म्हणून शब्द इंग्रजी अक्षरांत ठेवले आहेत. विजेचे बिल हवे असल्यास "बिल" लिहावे. अर्ज किंवा पत्र हवे असल्यास "पत्र". कुटुंबाचे फोटो पाहायचे असल्यास "फोटो". काम संपल्यावर "बंद". बाकी सर्व मशीन स्वतः करील. काहीही पुसण्यापूर्वी ते थांबून विचारील. तशी सोय नव्याने केली आहे.

दोन महिने घरात बसून त्या बाईनं आपली सगळी विद्या चार शब्दांत आणून ठेवली होती. ताकद तशीच ठेवून दार सगळ्यांना उघडेल असं केलं होतं. आणि शेवटच्या पानावर, सगळ्यात खाली: ही उणीव चौधरीनानांनी माझ्या लक्षात आणून दिली. मशीन शक्तिमान करण्याच्या नादात ते दुसऱ्याला वापरता आले पाहिजे, हे मी विसरले होते. त्यांची आभारी आहे.

शफीभाई विचारत होते, "आबा, पाणी देऊ का?" मी तिथल्या बाकड्यावर किती वेळ बसलो होतो ते आठवत नाही. त्यांनी चारही पानं छापून, पाकिटात घालून हातात दिली, आणि फोटो राहिला तो राहिलाच.

पंधरा दिवसांनी मी पुण्याला गेलो. ते पाकीट खिशात होतं. रेल्वेत मी वाक्य जुळवत गेलो, मनात दहा वेळा म्हणून पाहिलं. मिलिंदचं घर आठव्या मजल्यावर. अक्का गॅलरीत पाठ टेकायच्या खुर्चीत बसल्या होत्या. वाळल्या होत्या. मला ओळखलं. "नाना, धुळ्यात ऊन फार आहे का हो?" असं विचारलं, आणि थोड्या वेळानं पुन्हा तेच विचारलं. मी जळगावला आलोय हे सांगितलं, ते त्यांच्या लक्षात राहिलं नाही. आता खरोखरच विसरू लागल्या होत्या. तीन वर्षं त्यांना काही करू दिलं नाही म्हणून तसं झालं, की ते व्हायचंच होतं, मला माहीत नाही. डॉक्टरांना विचारलं असतं तर व्हायचंच होतं म्हणाले असते. मला तेवढाही आधार घेता येत नाही.

मांडीवर टॅब्लेट होता. त्यावर चार मोठाली चित्रं: मुलगा, सून, गाणी, डॉक्टर. सुनेनं फार मायेनं करून दिलं होतं.

"वापरता का?" मी विचारलं.

"सोपं आहे हो," त्या म्हणाल्या. "इतकं सोपं आहे की मला काही करावंच लागत नाही." मग त्यांनी ती काच पालथी ठेवली. "माझ्या मशीनचं काय झालं, नाना?"

मिलिंद बाजूलाच होता. त्यानं माझ्याकडे पाहिलं, सांगू नका अशा अर्थानं.

"आहे," मी म्हणालो. "माझ्याकडे आहे."

"मग बरं." त्या जरा सावरून बसल्या. "अडलं का कुठं?"

मी नाही अशी मान हलवली.

"मी म्हटलं होतं," त्या म्हणाल्या. "तुम्हाला नाही अडलं ना, मग कोणालाच नाही अडायचं."

जायला उठलो तेव्हा मिलिंद फोनवर बोलत आत गेला. आम्ही दोघंच होतो. पाच मिनिटं तरी मिळाली असतील. मी त्यांच्यासमोर वाकलो आणि म्हणालो, "अक्का, एक सांगायचं होतं."

"सांगा ना."

त्यांचा चेहरा इतका निवांत होता. मला वाटलं, आत्ता सांगितलं तर हा निवांतपणा जाईल आणि दहा मिनिटांनी त्या विसरतील तेव्हा दुःख तेवढं मागं राहील. असं मी स्वतःला सांगितलं. खरं तर मला त्यांच्या नजरेची भीती वाटली, त्या फाटकापाशी पाहिली होती तिची.

"पाणी भरपूर पीत जा," असं काहीतरी बोलून मी बाहेर पडलो. लिफ्टचं दार लागेपर्यंत त्या दारात उभ्या होत्या, चौकटीला धरून, ताठ. पुन्हा जाईन, तेव्हा सांगेन, असं ठरवत मी खाली आलो. पुन्हा गेलो नाही. पावसाळ्यात मिलिंदचा फोन आला, तेव्हा त्या गेल्याला दोन दिवस झाले होते.

रेल्वेत जुळवलेलं वाक्य मला अजून पाठ आहे. ते असं होतं: अक्का, ते कागद मी दिले. तुमचं डोकं ठिकाणावर होतं, तुम्ही माझ्या सोयीसाठीच ते तसं लिहिलं होतं, आणि मी तुम्हाला एकदाही न विचारता तुम्हाला वेडी ठरवलं. तुमचं घर माझ्यामुळं गेलं. मला क्षमा करा.